मदत हवी आहे: दर चोविसाव्या क्रेटची रोजची मोजणी एकूण मोजणीशी जुळत नाही

नमस्कार मंडळी,

नाशिकजवळ, दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये मी नोंदवह्या सांभाळते. हंगामाच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक क्रेटला १ पासून सलग क्रमांक दिला जातो आणि ज्या क्रमांकाला २४ ने निःशेष भाग जातो, तो क्रेट वजनाच्या फेरतपासणीसाठी बाजूला काढला जातो. पहिल्या दिवशी १ ते १००४, दुसऱ्या दिवशी १००५ ते १९७० आणि तिसऱ्या दिवशी १९७१ ते २८८० या क्रमांकांचे क्रेट भरले. मी दररोज त्या दिवसाच्या क्रेटसंख्येला २४ ने भागते आणि बाकी सोडून देते. त्याप्रमाणे ४१, ४० आणि ३७ मिळून ११८ क्रेट व्हायला हवेत. परंतु २८८० भागिले २४ बरोबर १२० येतात आणि तपासणी करणाऱ्या मुलांच्या वहीतही १२० च आहेत. एरवी क्रेट कमी भरले की चौकशी होते. येथे दोन जास्त कुठून आले, हे मला सांगता येत नाही. माझी पद्धत कुठे चुकते आणि कोणत्याही दोन क्रमांकांमधील मोजणी थेट कशी करावी, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, मुलांची वही बरोबर आहे. उत्तर केवळ किती क्रेट आहेत यावर ठरत नाही, ते कोणत्या क्रमांकापासून सुरू होतात यावरही ठरते. १ ते १० मध्ये ४ ने भाग जाणाऱ्या संख्या दोनच आहेत, ४ आणि ८. ३ ते १२ मध्येही संख्या दहाच, तरी ४, ८ आणि १२ अशा तीन सापडतात. पहिल्या दिवशी उरलेले २० क्रेट तुम्ही हिशेबातून सोडले, पण क्रमांक पुढे चालूच राहिले; दुसऱ्या दिवसाचे पहिले चार क्रेट त्यांना जोडले गेले आणि १००८ क्रमांकाचा क्रेट तपासणीला गेला.

रीत अशी: शेवटच्या क्रमांकाला २४ ने भागून पूर्ण भागाकार घ्यावा, पहिल्या क्रमांकातून एक वजा करून त्यालाही तसेच भागावे आणि दुसरा भागाकार पहिल्यातून वजा करावा. दुसऱ्या दिवसासाठी १९७० चा भागाकार ८२ आणि १००४ चा ४१, म्हणून ४१ क्रेट. तिसऱ्या दिवसासाठी १२० वजा ८२, म्हणजे ३८. एक वजा करायला मात्र विसरू नका, कारण एखादा दिवस नेमका १००८ पासून सुरू झाला, तर तोच क्रेट मोजणीतून निसटेल. आज वजा होणारा आकडा हा कालचाच शेवटचा भागाकार असल्यामुळे रोजची बेरीज एकूण मोजणीशी आपोआप जुळते.

मूळ प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. एक शंका राहिली. दर ३६ वा क्रेट गोडी मोजण्यासाठीही घेतला जातो. २४ चे १२० आणि ३६ चे ८० मिळून २०० वेगवेगळे क्रेट उघडले, असे लिहू का?

प्रतिसाद

नाही, ७२, १४४ असे क्रेट दोन्हीकडे मोजले जातील. २४ आणि ३६ यांचा गुणाकार घेऊ नका, लसावि घ्या; तो ७२ आहे. २८८० मध्ये ७२ चे ४० क्रेट येतात, म्हणून २०० मधून ४० वजा करून १६० लिहावेत.