सर्वांत थोर अमेरिकन कोण? माझं मत फ्रेडरिक डग्लसला

आडवाट :
२००५ साली डिस्कव्हरी चॅनेलने प्रेक्षकांची मतं मागवून 'सर्वांत थोर अमेरिकन' निवडला होता. पहिले आले रोनाल्ड रेगन. त्यांच्या मागे लिंकन, मार्टिन ल्यूथर किंग, वॉशिंग्टन आणि फ्रँकलिन. रेगन आदल्याच वर्षी जूनमध्ये गेले होते, तेव्हा त्यांच्या नंबराचं फार नवल नाही. पण पहिल्या दहांत गायक एल्विस प्रेस्ली आहे आणि फ्रेडरिक डग्लस नाही, हे काही पचत नाही.

डग्लस १८१८च्या सुमारास मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मला. स्वतःची जन्मतारीख त्याला शेवटपर्यंत कळली नाही. बाल्टिमोरमध्ये मालकिणीने मुळाक्षरं शिकवायला घेतली, तर मालकाने ते बंद पाडलं. शिकलेला गुलाम कामाचा राहत नाही, हे त्याचं म्हणणं. मग पोराने जहाजबांधणीच्या आवारातल्या फळ्यांवरून अक्षरं उचलली. डाव्या बाजूच्या फळीवर सुतार 'एल' लिहायचे, उजव्या बाजूच्या फळीवर 'एस'. ती चार-दोन अक्षरं गिरवून झाली की गल्लीतल्या गोऱ्या पोरांना डिवचायचं, 'मला तुझ्याहून चांगलं लिहिता येतं', आणि ती पोरं फुशारकीने जे लिहून दाखवतील ते शिकून घ्यायचं. १८३८मध्ये खलाशाचे कपडे घालून, दुसऱ्याचे कागद दाखवून तो पळाला. पुढे वर्तमानपत्र काढलं, बायकांच्या मताधिकारासाठी १८४८मध्ये सेनेका फॉल्सच्या महिला हक्क परिषदेत उभा राहिला, यादवी युद्धात कृष्णवर्णीय पलटणी उभ्या करायला गावोगाव फिरला. स्वतःची दोन मुलंही भरती केली.

राष्ट्राध्यक्षांच्या हाती फौज असते, तिजोरी असते. ह्याच्या हाती जीभ आणि लेखणी. म्हणून माझं मत त्याला. आता या अंगावर.

भिकबाळी :
आलोच. डग्लस मोठा माणूस, वादच नाही. पण त्याने भाषणं करून चाळीस लाख माणसं सुटली नाहीत. ती सुटली लिंकनच्या १ जानेवारी १८६३च्या जाहीरनाम्याने, सेनापती ग्रँटच्या तोफांनी आणि गुलामी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीने. त्या दुरुस्तीसाठी जानेवारी १८६५मध्ये एकेक मत गोळा करायला जे राजकारण करावं लागलं, ते व्यासपीठावरून होत नसतं. आपल्याकडे ही जुनी खोड आहे : बोलणाऱ्याला संत म्हणायचं आणि करणाऱ्याच्या धोतराचे डाग मोजायचे.

तिरकस :
डाग मोजायचेच तर २६ डिसेंबर १८६२ची तारीख घ्या. मिनेसोटात मॅन्कॅटो गावी डकोटा या मूलनिवासी जमातीच्या ३८ लोकांना एकाच फळीवर, एकाच वेळी फाशी दिलं. अमेरिकेच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सामूहिक फाशी. वकील दिलेला नव्हता, काही खटले पाच मिनिटांतसुद्धा उरकले होते. मंजुरीची सही कोणाची? थोर लिंकनची. आणि तो जाहीरनामासुद्धा फक्त दक्षिणेतल्या बंडखोर भागांना लागू होता. केंटकीचा गुलाम गुलामच राहिला.

भिकबाळी :
तिरकसराव, अर्धं सांगितलंत. लष्करी आयोगाने ३०३ जणांना फाशी सुनावली होती. लिंकनने सगळी कागदपत्रं मागवून घेतली, एकेक खटला तपासून घेतला आणि फाशीची नावं स्वतःच्या हाताने लिहून पाठवली, म्हणजे तारेत घोळ व्हायला नको. बाकीच्यांची फाशी टळली. मिनेसोटात लोक सगळ्यांना लटकवा म्हणून ओरडत होते, आणि तिकडे युद्ध हरायची वेळ आली होती. केंटकीचं म्हणाल तर जाहीरनामा युद्धकालीन अधिकारातला होता. जे राज्य बंडात नाही तिथे तो लावायला कायद्याचा आधारच नव्हता. घटनादुरुस्ती त्यासाठीच लागली.

तिरकस :
म्हणजे ३८ जणांना न्याय मिळाला की नाही, याचं उत्तर 'बाकीचे वाचले ना'. छान.

जर्सीकर :
न्यू जर्सीत एडिसन गावात राहतो, तेव्हा एक मत एडिसनला द्यायलाच हवं, नाहीतर इथली वीज जायची. :)

गंमत बाजूला. माझं मत वॉशिंग्टन. २३ डिसेंबर १७८३ला अॅनापोलिसला जाऊन त्याने सेनापतिपदाचा राजीनामा दिला. युद्ध जिंकलेलं, सैन्य त्याच्या शब्दात, काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, तिजोरीत खडखडाट. मनात आणतं तर राजा झाला असता. नंतर दोनदा अध्यक्ष होऊन पुन्हा घरी गेला. क्रांती करणारे पैशाला पासरी मिळतात, क्रांतीनंतर खुर्ची सोडणारे दाखवा.

मावळती :
खुर्ची सोडली, माणसं सोडली का? अध्यक्ष असताना वॉशिंग्टन फिलाडेल्फियात राहायचा. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याप्रमाणे बाहेरून आणलेला गुलाम तिथे सलग सहा महिने राहिला की स्वातंत्र्य मागू शकत असे. म्हणून सहा महिने भरायच्या आत घरातल्या गुलामांना राज्याबाहेर फिरवून आणायची व्यवस्था होती. त्याच्या बायकोची, मार्थाबाईंची, दासी ओना जज मे १७९६मध्ये, घरची मंडळी जेवायला बसलेली असताना, निघून गेली. तिला पकडण्यासाठी वर्तमानपत्रात दहा डॉलरचं बक्षीस. ती न्यू हॅम्पशायरला आहे असं कळल्यावर आधी सरकारी जकात अधिकाऱ्याकरवी प्रयत्न, मग १७९९मध्ये नातेवाईक पाठवला. ती हाती लागली नाही. १८४८मध्ये वारली, तोवर कायद्याच्या नजरेत पळपुटी गुलामच.

जर्सीकर :
मृत्युपत्रात त्याने स्वतःच्या मालकीच्या गुलामांना मुक्त केलं. त्या काळच्या व्हर्जिनियातल्या किती बड्या जमीनदारांनी केलं?

मावळती :
मृत्युपत्रात. आणि तेही बायकोच्या पश्चात. स्वतःची गैरसोय होणार नाही इतपतच.

बांधावरून :
मंडळी, सगळे १८६५च्या आसपासच घुटमळताय. माझं मत नॉर्मन बोरलॉग. आयोवाच्या शेतकऱ्याचं पोर. १९४४पासून मेक्सिकोत गव्हावर काम. जुना गहू उंच, खत टाकलं की ओंबीच्या भाराने लोळायचा. ह्याने जपानी बुटक्या जातीचा अंश घेऊन ताठ उभा राहणारा गहू केला. वर्षातून दोन पिकं मिळावीत म्हणून एक हंगाम सोनोराच्या सखल भागात, दुसरा टोलुकाच्या उंचीवर. वरचे म्हणाले, हे शास्त्राला धरून नाही. ह्याने ऐकलं नाही. १९६६मध्ये आपण मेक्सिकोतून १८,००० टन बियाणं आणलं. १९६५च्या आसपास देशात सव्वा कोटी टनांच्या आतबाहेर गहू व्हायचा, तो १९७०पर्यंत दोन कोटींवर गेला. अमेरिकेच्या पीएल-४८० या धान्य-मदत योजनेतल्या गव्हाच्या बोटींकडे डोळे लावून बसलेल्या देशाला दुसरं काय हवं? आमच्याकडे म्हातारी माणसं ७२च्या दुष्काळातल्या रेशनच्या लाल मिलोचं (अमेरिकी ज्वारीचं) नाव काढलं तरी आजही तोंड वाकडं करतात.

तिरकस :
तुमच्याच उदाहरणाने तुमचं मत पडतं. हरित क्रांती ६८ला झाली, मग ७२ला मिलो का खाल्ला? कारण गहू पिकला तो कालव्याच्या पंजाबात. मराठवाड्याच्या कोरडवाहू ज्वारीला बोरलॉगचा काय उपयोग? शिवाय पंजाबचं भूजल आज कुठे गेलंय ते बघा. आणि शास्त्रज्ञ स्वामिनाथन, कृषिमंत्री सुब्रमण्यम यांनी इथे पदर खोचला नसता तर ते बियाणं गोदामातच राहिलं असतं.

बांधावरून :
पाणी उपसायला फुकट वीज बोरलॉगने दिली नाही, ती मतं मागणाऱ्यांनी दिली. आणि पंजाबचा गहू आमच्या रेशन दुकानात पुढे आला की नाही? भूक ज्याने बघितली त्याला विचारा. पोट भरलेलं असलं की भूजल आठवतं.

मावळती :
बोरलॉग माझा दुसरा. पण धागा डग्लसचा आहे म्हणून विचारते. १८६९मध्ये पंधराव्या दुरुस्तीच्या वेळी आधी कृष्णवर्णीय पुरुषांना मत मिळू दे, बायकांचं नंतर बघू, अशी भूमिका त्याचीच ना? बायकांना थांबायला सांगणारे सगळेच थोर निघतात.

आडवाट :
मावळतीताई, बरोबर, पण त्याचं कारण त्याने तोंडावर सांगितलं : बायकांना बाई म्हणून घराबाहेर ओढून दिव्याच्या खांबाला टांगत नाहीत, आम्हाला टांगतात. समोरून महिला मताधिकाराच्या पुढारी एलिझाबेथ स्टँटन यांनी कृष्णवर्णीयांबद्दल जी भाषा वापरली ती आज वाचवत नाही. तरीही तो मताधिकाराच्या चळवळीबरोबर राहिला. १८९५मध्ये वारला त्या दिवशीसुद्धा महिलांच्याच सभेला जाऊन आला होता.

भिकबाळी, तुमच्या लिंकनला हा माणूस ऑगस्ट १८६३मध्ये वेळ न ठरवता जाऊन भेटला. गोऱ्या शिपायाला १३ डॉलर पगार आणि कृष्णवर्णीयाला १०, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून. लिंकन म्हणाला, होईल हळूहळू. समान पगाराचा कायदा जून १८६४मध्ये आला. रेटा कोणाचा होता?

भिकबाळी :
रेटा होता, कबूल. आता तुमच्याच हिरोचं ऐका. १८७६मध्ये वॉशिंग्टन शहरात लिंकनच्या पुतळ्याच्या अनावरणात, राष्ट्राध्यक्ष ग्रँट समोर बसलेले असताना, डग्लस आधी म्हणाला की लिंकन हा मुळात गोऱ्यांचा राष्ट्राध्यक्ष होता. आणि पुढे काय म्हणाला? गुलामीविरोधकांच्या जागेवरून पाहिलं तर तो मंद, थंड आणि बेफिकीर वाटायचा. पण त्याच्या देशाचं मत मोजलं, जे मोजणं राज्यकर्त्याला भागच होतं, तर तो चपळ, तळमळीचा आणि ठाम होता. डग्लसने स्वतः निकाल दिलाय. तुम्ही अपील कुठे करताय?

तिरकस :
जोतिरावांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. लिंकनला नाही, डग्लसला नाही. लोकांना. पावणेदोन लाखांवर कृष्णवर्णीय शिपाई त्या युद्धात लढले, त्यातल्या दहांची नावं इथे कुणी सांगेल?

आडवाट :
तिरकसराव, नेहमीप्रमाणे प्रश्नच मोडीत काढलात. :)

भिकबाळी, अपील नाही, तो निकाल मला मान्य आहे. पण उपकारकर्त्याच्या पुतळ्याखाली उभं राहून, राष्ट्राध्यक्षांसमोर, त्याचं माप दोन्ही बाजूंनी काढणारा माणूस मला त्या पुतळ्याहून उंच वाटतो. लिंकन दुसरा. तिसऱ्या नंबरासाठी वॉशिंग्टनचा विचार करायला तयार आहे, पण जर्सीकर, मृत्युपत्राचं झालं, ओना जजचं राहिलंय. तीन वर्षं तिचा पिच्छा पुरवला त्याबद्दल तुम्ही अजून चकार शब्द काढलेला नाही. वाट बघतोय.