लॅपटॉपच्या बोर्डवरची बायोस आयसी (लॅपटॉप सुरू करणारा प्रोग्राम साठवणारी चिप) बदलायची आहे, पॅड (पाय जिथे सोल्डर होतात ते तांब्याचे ठिपके) न उखडता कशी काढावी?

प्रश्न:
अ‍ॅडॉप्टर लावला की बायोसची आयसी हाताला चटका बसेल इतकी तापते. विनबॉन्ड 25क्यू64एफव्ही, आठ पायांची. 8 नंबर पायावर 3.3 ऐवजी 1.9 व्होल्टच मिळतात. अगदी शेजारी रॅमचा प्लास्टिक स्लॉट आहे. ब्लोअर (सोल्डर वितळवायचा, गरम हवेचा) किती तापमानावर ठेवू? आणि नवी कोरी आयसी लावली तर चालेल का?

प्रतिसाद 1:
आधी बॅटरी आणि सीमॉसचा सेल (बोर्डवरची छोटी गोल बॅटरी), दोन्ही काढा. रॅमच्या स्लॉटवर कॅप्टॉन टेपचे (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) दोन थर लावा. बोर्डवरचं सोल्डर बिनशिशाचं असतं, ते 217 अंशांच्या पुढेच वितळतं. म्हणून आठही पायांना साधं 63/37 सोल्डर थोडं चढवून घ्या, त्याचा वितळबिंदू 183 आहे. दोन्ही मिसळले की काम सोपं होतं. वर भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट वाहावं म्हणून लावतात ती पेस्ट). ब्लोअर 350 ते 370 वर, हवा मध्यम, नोझल गोल गोल फिरवत राहा. चिमट्याने आयसीला हलकंच ढकलून बघा. जागेवर तरंगल्यासारखी सरकली, तरच उचला. पॅड उखडतात ते बहुतेक वेळा घाईने ओढल्यामुळे, कारण एखाद्या पायाखालचं सोल्डर अजून घट्टच असतं.

प्रतिसाद 2:
आयसी निघाली की लगेच दुसरी बसवू नका. रिकाम्या 8 नंबर पॅडपासून 4 नंबरपर्यंत, म्हणजे ग्राउंडपर्यंत, रेझिस्टन्स मोजा. शॉर्ट दाखवत नसेल तर अ‍ॅडॉप्टर लावून 8 वर 3.3 येतात का ते बघा. आले तर दोष आयसीतच होता. नाही आले तर त्याच लाईनवरचा कपॅसिटर किंवा पीसीएच (बोर्डवरची मुख्य चिपसेट) तपासा, नाहीतर नवी आयसी लावूनही दुखणं तसंच राहील.

खरेदी करताना शेवटची अक्षरं वाचाच. एफव्ही 3.3 व्होल्टची, एफडब्ल्यू 1.8 ची. दिसायला दोन्ही सारख्याच, पण 1.8 ची इथे लावली तर जळेल.

प्रतिसाद 3:
कोरी आयसी लावून लॅपटॉप सुरू होणार नाही, बायोसची फाईल आत हवीच. जुनी आयसी काढल्यावर प्रोग्रामरवर (आयसी वाचायचं-लिहायचं यंत्र) वाचता येते का ते एकदा बघा. तापत असेल तर लगेच थांबा. वाचता आली तर दोनदा वाचून दोन्ही फाईली जुळवा. विंडोजची की, सीरियल नंबर असा त्याच बोर्डचा मजकूर तिच्यातच असतो.

वाचता आली नाही, तर कंपनीच्या अपडेटमधून फाईल काढावी लागते. ती जशीच्या तशी लिहू नका, तिला वर हेडर असतं आणि कधी कधी एमईचा (इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन) भागही नसतो. लिहायची फाईल बरोबर 83,88,608 बाइट्सची हवी. दुसऱ्या बोर्डचा डंप (त्याच्या आयसीतून वाचून घेतलेली फाईल) वापरलात तर एमईचा भाग कोरा करून घ्या, नाहीतर डिस्प्ले उशिरा येणं, पंखा सतत जोरात फिरणं, अर्ध्या तासाने आपोआप बंद पडणं असले त्रास होतात. लिहिल्यावर व्हेरिफाय करा, मगच आयसी बोर्डवर.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद. आयसी काढली. 3.3 येतात, शॉर्ट नाही. पण 3 नंबरचा पॅड सैल वाटतोय.

प्रतिसाद 1:
मग दोष आयसीतच होता. 3 नंबर म्हणजे राईट प्रोटेक्ट, बहुतेक बोर्डांवर तो रेझिस्टरमार्गे 3.3 ला जोडलेला असतो. विक (सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी) त्या पॅडवर घासू नका, वरून टेकवून सरळ उचला. पॅड निघालाच तर 0.1 मिमीची इनॅमल तार पायापासून त्या रेझिस्टरपर्यंत ओढा आणि वर यूव्ही मास्क (अतिनील प्रकाशात कडक होणारा लेप) लावा. बसवताना आयसीवरचा ठिपका 1 नंबरच्या खुणेकडे. आधी तिरपे समोरासमोरचे कोपरे, 1 आणि 5, सोल्डर करा. सरळ बसली की बाकीचे.