मदत हवी आहे : चीनच्या कस्टम्समधल्या अधिकाऱ्याचे चांदीचे चषक

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये राहते. शेजारच्या आजींकडे त्यांच्या आजोबांचे तीन चांदीचे चषक आणि एक सिगारेटची डबी आहे. आजोबा शांघायला चिनी सागरी कस्टम्समध्ये होते. हे खातं चिनी सरकारचं, पण वरचे अधिकारी बहुतेक परदेशी. १८६३ पासून १९११ मध्ये मृत्यू येईपर्यंत प्रमुखपद रॉबर्ट हार्ट यांच्याकडे होतं.

दोन चषक नौकाशर्यतीचे, एक घोड्यांच्या शर्यतीचा. मोठ्यावर उठावाच्या कामातला ड्रॅगन आहे, धरायचे कानही ड्रॅगनच्याच आकाराचे. इतकं सुंदर काम मी पाहिलेलं नाही! तळाशी 'डब्ल्यूएच', '९०' आणि चिनी अक्षरं. डब्ल्यूएच म्हणजे वांग हिंग ही पेढी आणि ९० म्हणजे नव्वद टक्के चांदी, इथवर उलगडा झाला. बाकी वस्तूंवर फक्त चिनी अक्षरं आहेत.

ब्रिटिश हॉलमार्क नाही म्हणून एका दुकानदाराने सगळं वजनावर मोडीत द्यायला सांगितलं. मला ते मुळीच पटत नाही, कोरलेली नावं आणि सालं कायमची जातील.

कुणी चिनी शिक्के वाचू शकेल का? फोटो पाठवते. कस्टम्स दरवर्षी कर्मचाऱ्यांची हुद्द्यासह यादी छापत असे, ती घरबसल्या कुठे पाहता येईल? आणि खाचांतला काळेपणा काढावा की तसाच ठेवावा? आजी पॉलिश करायला निघाल्या आहेत, तेव्हा हे आधी सांगा.