फुटबॉल मॅचचं तिकीट परवडणार तरी कसं?

लंडनवासी: पोराला प्रीमियर लीगची मॅच दाखवायची म्हणून साइट उघडली तर आधी मेंबरशिप घ्या मग तिकीट, दोघांचे मिळून शंभर पाउंडाच्या वर. पोरगं गळ्यात स्कार्फ घालून शेजारीच उभं, काय सांगू त्याला?

कोल्हापूरकर: दादा, लोकांनी आवाज उठवला की फरक पडतो हो. २०१६ला लिव्हरपूल क्लबने ७७ पाउंडाचं तिकीट ठेवायचं ठरवलं तेव्हा ७७व्या मिनिटाला हजारो लोक त्यांच्या अॅनफिल्ड मैदानातून उठून गेले, टीम २-० ने पुढे असताना! मालकांनी काही दिवसांतच निर्णय मागे घेतला.

साउथॉलची ताई: अवे तिकीट, म्हणजे पाहुण्या टीमच्या चाहत्यांचं, ३० पाउंडाच्या वर नसतं, पण ते मिळणं महाकठीण. नॉन-लीगची, म्हणजे खालच्या स्तरातल्या छोट्या क्लबांची मॅच दाखवा, अगदी कठड्याला टेकून बघता येते.

लंडनवासी: शनिवारी नेतो. स्कार्फ तोच घालणार म्हणतोय.