जीआय करून घेताय, तर मायक्रॉन विचारा

वास्को बंदराजवळच्या कन्व्हेयरच्या सांगाड्याला नुसता इपॉक्सी रंग पुरेल का, असं एकाने विचारलंय. माझ्या मते नाही. रंगाला ओरखडा पडला की गंज तिथून शिरतो आणि पोपड्याखाली पसरत जातो. जीआय, म्हणजे गॅल्व्हनाइझिंग करून लोखंडावर चढवलेलं जस्त, मात्र स्वतः झिजून ओरखड्यातलं लोखंड वाचवतं.

पण "जीआय करून द्या" एवढंच सांगून ऑर्डर सोडू नका. चकचकीत इलेक्ट्रोप्लेटिंगचा, म्हणजे विजेने चढवलेल्या जस्ताचा, थर बहुधा 5 ते 25 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. साधारण 450 अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या (हॉट डिप), 6 मिमीहून जाड लोखंडावर आयएसओ 1461 या मानकाप्रमाणे सरासरी किमान 85 मायक्रॉन हवा. समुद्राकाठच्या सी-5 वर्गातल्या, म्हणजे फार गंजवणाऱ्या, हवेत वर्षाला 4 ते 8 मायक्रॉन जस्त जातं, म्हणजे फरक किती वर्षांचा ते बघा. बोल्टही हॉट डिपचेच घ्या.

आपल्याकडे पाऊस वरच्या बाजूचं मीठ धुऊन नेतो. अँगलची खालची, कोरडी राहणारी बाजू बोटाने चाचपून बघा, खारट चिकट थर हाताला लागेल. खरा गंज तिथे धरतो. कोरड्या महिन्यांत ती बाजू गोड्या पाण्याने धुवून घ्या.

वेल्डिंग, ड्रिलिंग सगळं बुडवण्याआधी उरका. बंद पाइपांना भोकं ठेवाच. आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन पाइप फुटतो, कामगाराच्या जिवावर बेततं. वरून रंग द्यायचा असेल तर साधा ऑइल पेंट नको, जस्तावरून तो सुटतो.