लॅटिऑस पळणाराच हवा, घरपोच आलेला नको

रूट_११७:
परवा धाकटा मावसभाऊ ‘पोकेमॉन ओमेगा रुबी’ (जुन्या रुबीची नवी आवृत्ती) खेळत होता, मी शेजारी बसून बघत होतो. गोष्ट अर्ध्यावर आली, गेमने त्याला सदर्न आयलंडवर नेलं, टीम मॅग्मा या खलनायकी टोळीची माणसं आली, हाणामारी झाली आणि लॅटिऑस आपणहून त्याच्या पार्टीत, म्हणजे सोबतच्या पोकेमॉनच्या चमूत, येऊन बसला. लेव्हल ३०. पकडायला एक बॉल फेकावा लागला नाही. भाऊ म्हणाला, “भारी आहे ना?” मी हो म्हटलं खरं, पण खट्टू झालो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लॅटिऑस आणि लॅटिआस ही पोकेमॉनमधली ड्रॅगन-सायकिक लिजेंडरी जोडी. २००२ साली जपानमध्ये आलेल्या रुबी-सॅफायरमध्ये ती पहिल्यांदा दिसली. तो निळा, ती लाल. जुन्या रुबीत एलिट फोरला, म्हणजे शेवटच्या चार दादा ट्रेनरना, हरवलं की लॅटिऑस अख्ख्या होएनमध्ये (गेमच्या प्रदेशात) मोकाट सुटायचा. तुम्ही एका रूटवरून दुसऱ्यावर गेलात की तोही जागा बदलणार. समोर आलाच तर पहिल्याच चालीला पसार. कॅच रेट, म्हणजे पकडायची सोय, ३, त्याच्या खाली गेमच जात नाही. आणि चुकून बेशुद्ध पाडलात तर गेला तो कायमचा.

कधीच न चुकणारा मास्टर बॉल मी आधीच ग्राउडन या दुसऱ्या लिजेंडरीवर उडवून बसलो होतो. मग मॉव्हिल शहर आणि रूट ११७ यांच्या हद्दीवर तळ ठोकला. शहरात दोन पावलं, परत बाहेर दोन पावलं, पोकेडेक्सचा (पोकेमॉनच्या नोंदवहीचा) नकाशा उघडून बघायचं साहेब कुठे आहेत. पार्टीत सगळ्यात पुढे लेव्हल ४० च्या आतला पोकेमॉन आणि वर रेपेलचा फवारा, म्हणजे गवतातले बारकेसारके येत नाहीत, ४० लेव्हलचा लॅटिऑस तेवढा येतो. पहिल्या खेपेला अक्कलहुशारीने ट्रॅपिंच नेला, त्याच्या ‘अरीना ट्रॅप’मधून कोणी पळू शकत नाही म्हणून. लॅटिऑस तरंगत तरंगत निघून गेला. लेव्हिटेट! जमिनीवरचा सापळा हवेतल्याला काय धरणार? तेव्हा कळलं की वॉबफेट लागतो. त्याच्या ‘शॅडो टॅग’पुढे तरंगणाराही अडकतो. मग लॅव्हरिजच्या गरम पाण्याच्या झऱ्याजवळच्या आजीकडून अंडं आणलं, त्यातनं वायनॉट निघाला, त्याला वाढवून वॉबफेट केला.

दोन आठवडे गेले. पण तो पकडला त्या संध्याकाळी घरात जेवायला हाका मारत होते आणि मला ऐकूच येत नव्हतं. माझं म्हणणं एवढंच, की ज्याच्या मागे धावावं लागत नाही त्याला लिजेंडरी म्हणू नये. या, भांडा.

पेन्शनर_पिकाचू:
धागाकर्त्याशी साफ असहमत. मागे धावायला लावणं म्हणजे खेळाची खोली नव्हे, नुसता वेळकाढूपणा. शहरात दोन पावलं, बाहेर दोन पावलं, यात तुम्ही नक्की कोणतं कौशल्य दाखवलंत? वॉचमनची ड्युटी आहे ती.

आणि आता खरं दुखणं सांगतो, इनो जवळ ठेवा. प्रत्येक पोकेमॉनला जन्मजात सहा आकडे मिळतात, ० ते ३१ मधले, त्यांना आयव्ही म्हणतात. रुबी-सॅफायरमध्ये मोकाट फिरणाऱ्या पोकेमॉनचे हे आकडे पुढे नेताना गेम फक्त पहिला बाइट उचलतो. आठ बिट. त्यातले पाच एचपीला गेले, उरले तीन, ते अटॅकला. म्हणजे अटॅक जास्तीत जास्त ७, आणि डिफेन्स, स्पीड, दोन्ही स्पेशल यांच्या नावाने भोपळा. तुमच्या लॅटिऑसचा सगळा जीव त्याच्या स्पेशल अटॅकमध्ये. बेस १३०. लेव्हल १०० ला सगळं शिक्षण देऊनही, नेचरचा (स्वभावाने आकडे थोडे कमीजास्त होतात त्याचा) हिशोब बाजूला ठेवला तर, तो ३२८ वर थांबतो. धडधाकट लॅटिऑस ३५९ ला जातो. चूक पुढच्या एमरल्ड आवृत्तीत सुधारली, पण तुम्ही रुबीवाले.

दोन आठवडे धावून तुम्ही जो पकडलात तो कारखान्यातूनच लंगडा आला होता. ओमेगा रुबीत फुकट मिळणाऱ्याचे किमान तीन आकडे पूर्ण ३१ असतात. मावसभावाचा लॅटिऑस तुमच्यापेक्षा सरस आहे, काय करता!

रूट_११७:
लंगडा तर लंगडा, माझा आहे. आकड्यांसाठी पकडला नव्हता.

लाल_लॅटी:
दोघेही लॅटिऑस लॅटिऑस करताय, बहिणीचं नाव उच्चारायलाही तयार नाही. नेहमीचंच. दोघांच्या बेस आकड्यांची बेरीज ६०० च, फक्त तो मारण्यात पुढे आणि ती सोसण्यात (तिचा स्पेशल डिफेन्स १३०, त्याचा ११०). पण ज्याला त्याला निळाच हवा.

असो, मुद्द्यावर येते. रूट_११७ दादा, पोकेडेक्समधल्या लॅटींच्या नोंदी कधी उघडून वाचल्यात का? सॅफायरच्या नोंदीत लिहिलंय की लॅटिऑस फक्त दयाळू मनाच्या ट्रेनरलाच आपलं मन मोकळं करतो. लॅटिआसला माणसाचं बोलणं समजतं, मनातलं जाणवतं, अंगावरच्या पिसांनी प्रकाश वळवून ती दुसऱ्याचं रूप घेते. आता असा जीव पकडायची तुमची पद्धत बघा. वाट अडवायची, रेपेल मारायचा, वॉबफेटच्या सावलीत कोंडायचा आणि अल्ट्रा बॉलचा भडिमार करायचा. कुठे बसली यात दया? सदर्न आयलंडवर तुम्ही त्यांच्या बाजूने उभे राहता आणि मग ती स्वतः तुमच्याबरोबर येते. नोंदीत जे लिहिलं होतं ते गेमला करून दाखवायला २०१४ उजाडावं लागलं. तुम्ही त्याला फुकट म्हणता. मी म्हणते, पहिल्यांदाच नीट ओळख झाली.

रूट_११७:
ताई, हा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. नोंद तेव्हा वाचली होती, पण इंग्रजी कच्चं होतं. तरी एक विचारतो. ज्याला माणसाच्या मनातलं कळतं तो अनोळखी माणूस दिसताच पळणार नाही का? मला तर पळण्यातच त्याचा स्वभाव दिसायचा. ग्राउडन गुहेत बसून राहतो, तुम्ही जाऊन ‘ए’ दाबायची वाट बघतो. तो काय जिवंत वाटतो? लॅटिऑस मी खेळत नसतानाही कुठेतरी उडतोय असं वाटायचं.

लाल_लॅटी:
हे मात्र आवडलं. पण तुम्ही खेळत नव्हता तेव्हा कॉम्प्युटर बंद होता हो.

पाव_भाजी_पोकेबॉल:
एक शंका. ताई कॉम्प्युटर म्हणाल्या आणि धागाकर्त्यांनी नाकारलं नाही, म्हणजे खेळ एम्युलेटरवर (गेमबॉयचे खेळ कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रामवर). आमच्याकडेही तसंच, खरं गेमबॉय कोणी पाहिलं होतं? मग खरं सांगा, बॉल फेकायच्या आधी सेव्ह स्टेट (हवं तेव्हा त्याच क्षणाला परत यायची सोय) केलं होतं की नाही? आणि ते दोन आठवडे स्पेसबार दाबून चौपट वेगाने की साध्या चालीने?

रूट_११७:
स्पेसबार दाबला होता. सेव्ह स्टेट फक्त शेवटच्या दिवशी.

पेन्शनर_पिकाचू:
“फक्त शेवटच्या दिवशी”. म्हणजे पकडला त्याच दिवशी. दंडवत घ्या.

सोल_ड्यू_शेठ:
तुम्ही सगळे पकडण्यावर अडलात, लढवण्याचं कोणी बोलतच नाही. सोल ड्यू नावाचं रत्न या दोघांच्या हातात दिलं की दोन्ही स्पेशल दीडपट व्हायचे. सातव्या पिढीत त्याचं पाणी पाणी केलं, आता ड्रॅगन आणि सायकिक चालींना फक्त २० टक्के बळ. त्याआधी २०१३ ला ड्रॅगनच्या चाली ज्याला लागतच नाहीत तो फेअरी टाइप आणून ड्रॅगनच्या मुसक्या बांधल्याच होत्या. लढाईत रूप बदलून होणाऱ्या मेगा लॅटिऑसची बेरीज ७००, पण हातात मेगा स्टोन अडकल्यामुळे दुसरं काही धरता येत नाही, म्हणून लाइफ ऑर्बवाला (माराचं बळ वाढवणारी वस्तू धरलेला) साधा लॅटिऑसच बरेच जण पसंत करायचे. यावर धागा काढा कोणीतरी.

लाल_लॅटी:
शेठ, अवांतर! आणि जुन्या गेममध्ये ते रत्न सदर्न आयलंडवरच्या लॅटीकडेच असायचं. तिथे जायला इऑन तिकीट लागायचं, ते खास वाटपात मिळायचं. आपल्याकडे कधी वाटप झालेलं मला तरी आठवत नाही. आपण सगळ्यांनी गेमशार्कचे कोड टाकूनच ते बेट पाहिलं, उगाच साव बनू नका.

सोल_ड्यू_शेठ:
कोड वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले होते. बाकी चालू द्या.

पेन्शनर_पिकाचू:
धागाकर्ते, एक सरळ प्रश्न. एवढा जीव टाकून पकडलात, मग वापरलात किती? कारण एलिट फोर झाल्यावरच तो सुटतो, म्हणजे मुख्य गोष्ट संपलेली. मावसभावाला तो अर्ध्यात मिळाला, पुढची जिम त्याच्या सोबतीने होतील, पाठीवर बसून होएनवर घिरट्याही मारेल. तुमचा कुठे गेला?

रूट_११७:
हे वाचून जुना पेनड्राइव्ह शोधला. सेव्ह फाइल अजून चालते. बॉक्स ३, वरून दुसरी रांग. लेव्हल ४०. पकडला तेव्हाही ४० च होता.

लाल_लॅटी:
अरेरे. आणि वॉबफेट?

रूट_११७:
तो पार्टीत आहे. पहिल्या नंबरावर.