कॅलॅनस फिनमार्किकसच्या जुन्या नोंदी नकाशावर घ्याव्यात का?

प्रश्न: या कोपेपॉडचा (समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म कवचधारी प्राण्याचा) प्रसार-नकाशा करते आहे. एकोणिसाव्या शतकातल्या याद्यांत भूमध्य समुद्रातल्या नोंदीही याच नावाखाली आहेत. त्या ठेवू का? आणि जातीच्या नावापुढे गुन्नेरूस यांचे नाव कंसात का असते?

प्रतिसाद १: कंसाचे आधी. नॉर्वेतल्या त्रोन्हेमचे बिशप गुन्नेरूस यांनी 1770 मध्ये वर्णन केले ते मोनोक्युलस फिनमार्किकस म्हणून. कॅलॅनस ही प्रजाती (genus, म्हणजे जातींचा गट) लीच यांनी नंतर स्थापली. जातीची प्रजाती बदलली की मूळ वर्णनकर्ता कंसात जातो. क्लाउस यांच्या 1863 च्या हेल्गोलँडिकस या जातीलाही हाच नियम. याशनोव यांची 1955 ची ग्लेशिअलिस ही जात मात्र पहिल्यापासून कॅलॅनसच, म्हणून तिथे कंस नाही.

भूमध्यातल्या नोंदी काढा, तिथली जात हेल्गोलँडिकस. पण पुसून टाकू नका. मूळ नाव एका रकान्यात, आजचे दुसऱ्यात आणि बदलाचे कारण तिसऱ्यात लिहा.

प्रतिसाद २: नमुना जपलेला असेल तर स्वतः तपासा. मादीच्या पाचव्या पायाचा बुडाचा खंड ग्लिसरीनमध्ये सपाट ठेवून आतली दातेरी कड पाहा: फिनमार्किकसमध्ये ती जवळपास सरळ, हेल्गोलँडिकसमध्ये आत वळलेली. पाय तिरका पडला तर सरळ कडही वाकडी दिसते, बहुतेक चुका इथेच होतात. लहान कोपेपॉडिड (प्रौढ होण्याआधीच्या) अवस्था या खुणेने ओळखू नका, त्यांची नोंद ‘कॅलॅनस, जात अनिश्चित’ एवढीच ठेवा.

प्रतिसाद ३: आर्क्टिकच्या नोंदी जास्त अवघड आहेत. पाचव्या कोपेपॉडिड अवस्थेत पुढच्या धडाची लांबी साधारण 3 मिमीच्या वर गेली की ग्लेशिअलिस, नाहीतर फिनमार्किकस, असे मानायची पद्धत होती. दोन्ही जातींची मापे एकमेकांत शिरतात, म्हणून केवळ लांबीवरून ठरवलेली नोंद मी पक्की धरत नाही. डीएनए तपासणीत नॉर्वेच्या फ्योर्डांमध्ये, अपेक्षेपेक्षा बऱ्याच दक्षिणेला, ग्लेशिअलिस सापडली आहे. नवे नमुने 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. फॉर्मलिनमध्ये डीएनएचे तुकडे होतात.

प्रश्नकर्ती: अखंड प्लवक-नोंदकाची (जहाजामागे ओढून प्लवक गोळा करणाऱ्या यंत्राची, Continuous Plankton Recorder) माहिती चालेल?

प्रतिसाद ३: चालेल, पण 1958 पासूनचीच घ्या; फिनमार्किकस आणि हेल्गोलँडिकस तेव्हापासून सातत्याने वेगळ्या मोजल्या आहेत. यंत्र सुमारे 7 मीटर खोलीवर चालते आणि फिनमार्किकस हिवाळा शेकडो मीटर खाली सुप्तावस्थेत काढते. जानेवारीतला शून्य म्हणजे ‘जात नाही’ असे धरू नका, प्रत्येक नोंदीला महिना जोडा.